परिवार म्हणू नका

आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटाला यंदा दहा वर्षं झाली. त्यानिमित्त टी-शर्ट छापायचे ठरले आणि त्यावर काय लिहायचं यात दोन अख्ख्या संध्याकाळी गेल्या. बहुतेकांचा कल ‘आम्ही एक परिवार’ या शब्दांकडे होता. विरोध केला तो गटातल्या सर्वांत नव्या मुलानं. “परिवार कसला? कंपू आहे हा,” तो म्हणाला. “पहिले चार महिने माझ्याशी कुणी धड बोललंही नाही.” मग जे व्हायचं तेच झालं. एकानं आठवणींचं गाठोडं सोडलं. कोण कुणाच्या लग्नात राबलं, कुणी कुणाला रात्री-अपरात्री घरी पोचवलं. दुसऱ्यानं रुसव्याफुगव्यांची जंत्री वाचली. शेवटी टी-शर्टचा रंग तेवढा एकमतानं ठरला. काळा.

हा वाद आमच्यापुरता असता तर त्यावर लिहायला बसले नसते. पण छंदापायी जमलेल्या माणसांविषयी कुठेही बोलणं निघालं, मग ते गिर्यारोहक असोत, पक्षी पाहणारे असोत, बुद्धिबळवाले असोत की हौशी रेडिओवाले, हीच दोन टोकं पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, एकटेपणाच्या या काळात असे गट म्हणजे रक्तापलीकडचं घर. दुसरा म्हणतो, ही बंद दारांमागची टोळकी; आतल्यांना ऊब, बाहेरच्यांना वारा. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच: तिथे माया किती मिळते? मला ही फूटपट्टीच चुकीची वाटते. छंदाचा गट परिवार नसतो आणि त्यानं तसं व्हायला जाऊही नये. तिथली जवळीक खोटी असते असं मी म्हणत नाही, कित्येकदा ती घरच्यापेक्षा खरी असते. पण मिळून एखाद्या तिसऱ्याच गोष्टीकडे पाहता पाहता ती आपसूक येते. त्या गोष्टीवरची नजर काढून एकमेकांकडेच पाहत बसलं की काय होतं, ते आम्ही दोन-तीनदा भोगलं आहे.

आधी आम्ही करतो काय ते सांगते, नाहीतर सगळं हवेत राहील. रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणं हे आमचं मुख्य काम. अमावास्येच्या आसपासची रात्र, लाल कागद लावलेला टॉर्च, मांडीवर नकाशा. नकाशात आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजाचे आकडे (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), छापलेल्या असतात, पण दशांशाचा टिंब न देता. ६२ म्हणजे ६.२, ६८ म्हणजे ६.८, टिंब दिला तर तोच तारा समजला जायचा. आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यानं ठरवायचं. ६२ पेक्षा मंद, ६८ पेक्षा उजळ, जरा ६८ कडे झुकलेला, लिहा ६.६. तारा लालसर असेल तर टक लावायची नाही, कारण पाहत राहिलं की तो उजळत चालल्यासारखा वाटतो. ओझरती नजर टाकायची आणि ठरवायचं. असे आकडे जगभरातून जमा होतात. अमेरिकेत १९११ साली ऑल्कॉट नावाच्या एका वकिलानं यासाठी हौशी मंडळींची संस्था काढली, तिच्याकडे आज कोट्यवधी नोंदी आहेत. पण मला सांगायचाय तो नियम वेगळाच आहे. सगळ्यांचे आकडे वहीत उतरेपर्यंत कुणी कुणाला आपला आकडा सांगायचा नाही. शेजारच्यानं “सहा-चार” म्हटलं की आपल्यालाही तो सहा-चार दिसायला लागतो. मैत्री कितीही जुनी असो, त्या दहा मिनिटांत तोंड बंद. आमच्या जवळिकीचं मर्म मला त्या गप्प राहण्यात दिसतं. शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांना मी इतकी किंमत देते की त्यांच्यावर माझ्या मताची सावलीही पडू देत नाही. घरात एवढी किंमत कोण कुणाला देतं? तिथे आपण एकमेकांचे आकडे कधीच लिहून मोकळे झालेले असतो.

आता परिवारवाल्यांचं सर्वांत बळकट म्हणणं. तीन वर्षांपूर्वी माझी आई अतिदक्षता विभागात होती. पहाटे अडीचला केलेला फोन पहिल्या घंटेला उचलणारे दोघं याच गटातले होते. (त्या वेळी जागं असायची आम्हाला सवय आहे हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं.) सख्खे नातेवाईक सकाळी आले. याला परिवार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? हा प्रश्न थट्टेवारी नेणाऱ्या माणसावर कधी तशी वेळ आलेली नसावी. पण यातून सिद्ध काय होतं? अडचणीला धावून येतो तो आपल्या घरचाच, हे आपण आधीच धरून चालतो. म्हणून जो धावून येईल त्याला घाईघाईनं नात्यात ओढून घेतो. ‘मित्र’, ‘सोबती’, ‘सवंगडी’ हे शब्द इतके पातळ कधी झाले, की माणूस खरोखर उपयोगी पडला तर त्याला त्यांच्यावर बढती द्यावी लागते?

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला काही हौशी माणसं महिन्यातून एकदा जमत. दिवस पौर्णिमेच्या आसपासचा धरत, परतताना चांदण्यात वाट दिसावी म्हणून. त्यावरून ‘लूनर सोसायटी’ हे नाव. (आम्ही नेमके उलटे, चंद्राला शिव्या देणारे.) वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट, कारखानदार मॅथ्यू बोल्टन, वैद्यकी करणारा इरॅस्मस डार्विन, चिनी मातीच्या भांड्यांचा जोसाया वेजवुड, आणि पेशानं धर्मोपदेशक पण वायूंच्या मागे लागलेला जोसेफ प्रीस्टली. धर्ममतं जुळत नव्हती, राजकारण जुळत नव्हतं. प्रीस्टलीनं पुढे लिहून ठेवलं की एकमेकांच्या धार्मिक वा राजकीय तत्त्वांशी आम्हाला काही कर्तव्य नव्हतं, विज्ञानाची सामाईक आवड तेवढी आम्हाला पुरेशी वाटली. किती बारीक धागा! आणि १७९१ च्या दंगलीत जमावानं प्रीस्टलीचं घर, प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह जाळला तेव्हा मदतीला पुढे आलेल्यांत वेजवुड होता. तो त्याचा ना चुलतभाऊ ना व्याही. दोघं एकत्र आले होते ते हवा, उष्णता आणि माती यांच्याविषयी बोलायला, आणि वेळ आली तेव्हा तेवढ्यावर भागलं. धागा बारीक होता म्हणून तर इतकी निरनिराळी माणसं त्यात ओवता आली. हेच मंडळ स्वतःला परिवार म्हणवून घेतं तर पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला असता, की तू कुठल्या चर्चचा?

शब्दानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे बिघडलं. सहाव्या वर्षी सर्वांनी पैसे घालून मोठी दुर्बीण घ्यायची ठरली. पैसे गटातल्या सर्वांत ज्येष्ठांकडे जमा होत. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. वर्ष उलटलं, दुर्बीण येईना. विचारायला कुणाची जीभ रेटेना. घरच्या माणसाकडे हिशेब मागायचा? भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, तर काकांनी शांतपणे वही पुढे केली. पै न् पै जागेवर होती. दुर्बिणीच्या आरशाची मागणी नोंदवलेली होती, तारखा होत्या, पाठवलेल्या स्मरणपत्रांच्या प्रतीही होत्या. उशीर पलीकडूनच होता. म्हणजे चोरी झालेली नसताना आम्ही वर्षभर मनातल्या मनात त्यांच्यावर आळ घेत होतो आणि तोंडावर “काका, काका” करत होतो. साध्या मंडळात हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात, न लाजता विचारला गेला असता आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नसतं, कारण हिशेब विचारणं हा सभासदाचा हक्क. घर म्हटलं की तोच हक्क उद्धटपणा ठरतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. एका ताऱ्याच्या काकांच्या नोंदी सगळ्यांपेक्षा अर्ध्या प्रतीनं मंद येत होत्या. ते तुलनेला भलताच तारा धरत होते. नकाशा उलटा वाचल्यावर होते तशी चूक, कुणाच्याही हातून होणारी. दोघा-तिघांच्या ती लक्षात आली होती. माझ्याही. बोललं कुणीच नाही. सबंध हंगामाच्या नोंदी फुकट गेल्या आणि अखेर चूक त्यांची त्यांनाच सापडली. त्या रात्री मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. “तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही गप्प बसलात?” त्यांना आमचा आदर नको होता, दुरुस्ती हवी होती, आणि आम्ही त्यांना म्हाताऱ्या माणसासारखं सांभाळून घेतलं होतं. आकडे न सांगण्याचं आमचं गप्प राहणं आणि हे गप्प राहणं, दोन्ही वरून सारखंच दिसतं. मी स्वतः दोन्ही केलंय, म्हणून सांगते: एकात समोरच्याच्या नजरेवर विश्वास असतो, दुसऱ्यात अजिबात नसतो.

कंपनी कामगारांना “आपण सगळे एकच परिवार” असं सांगू लागते तेव्हा जाणती माणसं लगेच सावध होतात, आता जादा तास फुकटात मागणार म्हणून. मग छंदाच्या गटात तोच शब्द ऐकून आपण का विरघळतो? तिथेही जादा तास मागितले जातातच. शिवाय सोडून जाण्याची किंमत वसूल होते. आमच्यातला एकजण तीन वर्षांपूर्वी तारे सोडून कुंभाराच्या चाकावर बसला. कंटाळला होता, दुसरं काही आवडलं होतं, इतकंच. पण आम्ही ‘घर सोडून गेला’ अशा सुरात बोलू लागलो, आणि तो समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडू लागला. मंडळातून माणूस गेला तर एक खुर्ची रिकामी होते, तिच्यावर दुसरा बसतो, पहिला कधी परत आला तर सरकून जागा करतात. आम्ही त्या खुर्चीला विनाकारण सुतक धरलं.

इथवर वाचून कंपूवाले खूश झाले असतील तर त्यांनी जरा थांबावं. त्यांच्याही म्हणण्यात दम आहे, आणि इतिहास बराचसा त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. १८५७ साली लंडनमध्ये स्थापन झालेला अल्पाइन क्लब हा जगातला पहिला गिर्यारोहण क्लब. १८७१ मध्ये ल्यूसी वॉकर आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोचली, तिथे पोचलेली ती पहिली स्त्री. तरी क्लबनं स्त्रियांना दार उघडलं ते १९७० च्या दशकात. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांचा संघ १८५८ चा, सुरुवातीला फक्त पुरुषांचा. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं स्त्रियांना फेलो, म्हणजे सभासद, करून घेतलं ते १९१६ मध्ये. ही सगळी घट्ट विणीची, एकमेकांसाठी जीव टाकणारी मंडळं होती. मग घट्टपणा आला की दार बंद होणारच, असा नियमच मानायचा का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण याच उदाहरणांत आहे. ल्यूसी वॉकरला दार बंद होतं ते तिला चढता येत नव्हतं म्हणून नव्हे. क्लबनं विचारायला हवं होतं, “तू काय चढलीस?”, आणि विचारलं, “तू कोण?” हा दुसरा प्रश्न कुळाचा, घराण्याचा, परिवाराचा. म्हणजे कंपूवाले ज्या रोगावर बोट ठेवतात तो परिवारपणाचाच रोग आहे. कामाबद्दलच्या आग्रहाला त्यात विनाकारण गोवलं जातं. दार बंद दिसल्यावर बाहेरच्यांनी काय केलं तेही पाहा. एमिली विल्यमसननं १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या आपल्या राहत्या घरी पक्षी वाचवण्यासाठी स्त्रियांचं मंडळ सुरू केलं. टोप्यांवर मिरवायला पिसं हवीत म्हणून होणाऱ्या कत्तलीविरुद्ध ते होतं, आणि त्यातूनच आजची लाखो सभासदांची ब्रिटिश पक्षीसंरक्षण संस्था उभी राहिली. पुढल्याच वर्षी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन निघाली; ज्यांना रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वर्गणी परवडत नव्हती, तिथले शोधनिबंध जड जात होते किंवा स्त्री म्हणून प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी. तिच्या सूर्यनिरीक्षण विभागाची पहिली संचालक एक स्त्री होती, एलिझाबेथ ब्राउन. नव्या संस्थेनं निरीक्षणाची शिस्त ढिली केली का? विभाग, नोंदी, अहवाल, सगळं चोख. काढून टाकली ती फक्त माणसाची चौकशी.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र याहून जुनं आणि गरीब आहे. १७१७ साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात गणिताचं एक मंडळ निघालं. सभासद बरेचसे कारागीर, त्यांत रेशमाचे विणकर पुष्कळ. दिवसभर मागावर बसायचं आणि संध्याकाळी भूमिती सोडवायची. त्यांचा एक नियम होता: कुणा सभासदानं गणितातला प्रश्न विचारला, तर ज्याला विचारला त्यानं तो जमेल तितक्या साध्या आणि सोप्या रीतीनं समजावून देणं हे त्याचं कर्तव्य. ‘आपण सगळे भाऊ’ वगैरे काही नाही. विचारलं की सांगायचं, बस्स. सव्वाशेहून अधिक वर्षं ते मंडळ चाललं. १८४५ मध्ये ते रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत विलीन झालं तेव्हा अवघे १९ सभासद उरले होते, पण ग्रंथसंग्रह मोठा होता.

या नियमापुढे मला आमच्या नव्या मुलाचं गाऱ्हाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं. त्याला नीट विचारलं तेव्हा कळलं, की पहिल्या रात्री त्यानं शेजारच्याला उत्साहानं विचारलं होतं, “किती दिसतोय?” उत्तर आलं, “नंतर.” दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही. तो समजला, आपल्याला टाळतात. आम्ही समजलो, याला नियम कळला असेल. चार महिने कुणी त्याला सांगितलंच नाही की हे “नंतर” सगळ्यांनाच मिळतं. नियम बरोबर होता, आणि तरी आमचं वागणं कंपूचंच होतं; तो म्हणाला त्यात खोट नव्हती. उंबरठा असायला माझी हरकत नाही. पण त्याची उंची किती ते आलेल्याला सांगणारं कुणीतरी दाराशी हवं.

आणि उंबरठाही अधूनमधून तपासावा लागतो. हौशी रेडिओचा परवाना हवा तर मोर्स संकेत, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी, यायलाच हवेत, ही अट ठरावीक लहरींसाठी अनेक दशकं आंतरराष्ट्रीय नियमांत होती. २००३ च्या जिनीव्हातल्या परिषदेत ती सक्तीची राहिली नाही. जुन्या मंडळींनी तेव्हा फार आक्रोश केला, छंद बुडाला म्हणाले. मला त्यांच्याविषयी ममत्व वाटतं. क्षीण, गोंगाटात बुडालेल्या संदेशातही मोर्स कळतो, त्यामागे खरं कसब आहे. पण ज्याला माइकवरच बोलायचंय त्याच्यासाठी ती कामाची गरज राहिली नव्हती, बिल्ला झाली होती. अट गेली, आणि मोर्स शिकणारे आजही शिकतातच, हौसेनं.

राहिला एकटेपणाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी दाखवून दिलं होतं की १९८० ते १९९३ या काळात तिथे बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडण्याचा खेळ) खेळणारे एक दशांशानं वाढले, पण संघ करून, ठरल्या दिवशी खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. हे वाचून लोक म्हणतात, पाहा, माणूस एकटा पडतोय, त्याला परिवार द्या. पण त्या आकड्यांत घटला होता तो परिवार नव्हे. घटली होती ती ठरलेली वार-वेळ. एकट्या माणसाला पहिल्याच दिवशी मिठी मारणाऱ्यांची मला धास्ती वाटते, कारण तशी मिठी तो उद्या परत देऊ शकेल याची खात्री नसते आणि मग तो येणंच टाळतो. त्याला हातात काहीतरी काम हवं असतं आणि आपण न आल्याचं कुणाच्या तरी लक्षात यायला हवं असतं. “गुरुवारी तुमचा आकडा नव्हता” एवढं वाक्यही पुष्कळ असतं.

जॉन गुडरिक लहानपणीच बहिरा झाला. ऐन विशीच्या आत यॉर्कमध्ये शेजारच्या एडवर्ड पिगटबरोबर तो रूपविकारी तारे पाहू लागला. त्या काळच्या बैठकांत, गप्पांत, संगीताच्या मैफलीत त्याचं काय झालं असतं कोण जाणे. पण अल्गोल या ताऱ्याचं तेज दर दोन दिवस एकवीस तासांच्या सुमारास ठरल्यासारखं उतरतं हे सांगायला कान लागत नव्हते. १७८३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं त्याला आपलं मानाचं कोप्ली पदक दिलं. एकविसाव्या वर्षी तो गेला. पिगटनं त्याच्यावर किती माया केली हे मला माहीत नाही आणि त्याची फारशी उत्सुकताही नाही. आपल्याकडचं ज्ञान, उपकरणं आणि आकडे त्यानं या मुलापुढे मोकळे केले होते. एकटेपणावर याहून नेमका उपाय कुणी सुचवावा.

टी-शर्ट छापून आले. छातीवर गटाचं नाव आणि साल, पाठीवर काही नाही. अंधारात कुणाला वाचता येणार होतं? गेल्या अमावास्येला तो कुंभारकामवाला आला. बोटांच्या पेरांत माती, गळ्यात आमचीच जुनी दुर्बीण. कुठे होतास, असं कुणी विचारलं नाही. काकांनी नुसती सतरंजी थोडी सरकवली. त्यानं बराच वेळ वर पाहिलं, नकाशा लाल उजेडात फिरवून नीट धरला, आणि शेजारी बसलेल्या नव्या मुलाला हळूच विचारलं, “किती दिसतोय रे?”

“आधी तुमचा आकडा लिहा,” मुलगा म्हणाला. “इथे सगळ्यांनाच ‘नंतर’ असतं.”